एका हातच्या सह्या

मी संशयी बाई आहे. कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही, आहे ते आहे. परभणीत शिक्षण खात्याच्या एका कचेरीत मी तीस वर्षं टेबलाला बसले आणि त्यातली बरीच वर्षं खोटे दाखले, खोटी हजेरी, खोट्या सह्या पकडण्यात गेली. आमचे मिस्टर शाळामास्तर. ते म्हणतात, "हिला उजाडलं हे पटायलासुद्धा कोंबड्याकडून लेखी लागतं." ते हसतात, मी हसत नाही. कोंबडा कधीही आरवतो, हे मी झरीत लहानपणी पुष्कळदा ऐकलेलं आहे.

हा स्वभाव काही कचेरीत लागला नाही. झरीतल्या आमच्या वस्तीतून स्कॉलरशिप मिळवून परभणीच्या वसतिगृहात आलेली मी पहिली मुलगी. आठवीत गणिताच्या चाचणीत माझी सगळी उदाहरणं बरोबर आली. सरांनी पेपर वर धरला आणि सगळ्या वर्गापुढं विचारलं, "हे तूच सोडवलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी खडू पुढं केला. फळ्याकडं तोंड करून मी तीन उदाहरणं पुन्हा सोडवली. माझा फ्रॉक पाठीत उसवलेला होता, आणि फळ्याकडं तोंड केल्यामुळं तो सगळ्यांना दिसत होता. तिन्ही उत्तरं बरोबर आली. सर म्हणाले, "ठीक आहे. जा जागेवर." एवढंच. त्या दिवसापासून मी पुरावा कायम हाताशी ठेवायला लागले, आणि पुढं खुर्ची मिळाल्यावर दुसऱ्यांकडूनही मागायला लागले.

निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेनं मला काम दिलं. ही संस्था बायकांना शिकायला फेलोशिप देते, आणि शिकता शिकता गावासाठी काही करायचं असेल तर त्यासाठी थोडं अनुदानही देते. परभणी जिल्ह्यातल्या अशा बायकांच्या कर्तृत्वाची एक पुस्तिका त्यांना छापायची होती. छापण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन सगळं बघून यावं, म्हणून मी. त्यांनी पुस्तिकेचा नमुना पाठवला. 'कर्तृत्व' हा शब्द सोनेरी अक्षरात, कागद गुळगुळीत. एवढं कर्तृत्व एकाच जिल्ह्यात बघून मी आधी चष्मा पुसला.

पहिली बाई माझ्याच झरीची. फेलोशिपवर माती तपासायचं शिक्षण घेऊन आलेली, आता शेतकरी तिच्या दारात मातीच्या पुड्या घेऊन उभे राहतात म्हणे. मी माझ्या गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंडीतली माती दोन पुड्यांत बांधली. एका पुडीवर एका गावाचं नाव लिहिलं, दुसरीवर दुसऱ्या गावाचं, आणि तिच्याकडं देऊन आले. चार दिवसांनी गेले तर तिनं दोन्ही पुड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. म्हणाली, "बाई, ही माती एकाच जागची हाय. रानातली बी न्हाई, कुंडीतली हाय. आन् पाणी लय घालायलात तुमी."

दुसरी पोखर्णीकडची. ती फेलोशिपवर वकिली शिकली आणि आता ती बायकांचे वारसाचे अर्ज फुकट भरून देते. तिच्यापुढं मी विधवा होऊन बसले. मिस्टरांना सांगितलं नाही. जमीन, सासरा, दोन दीर असं सगळं रचून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या सांगण्यात धाकटा दीर दोनदा मेलाय. एकदा नीट आठवून या." मी दोन्ही ठिकाणी अहवालात 'काम समाधानकारक' असं लिहिलं. पण मनातून जरा चिडलेच होते. तिसऱ्या फाइलीवर तो राग निघाला असणार, हे मला आता कळतंय.

तिसरी मुलगी जिंतूर रस्त्यावरच्या एका गावातली. ती फेलोशिपवर परभणीला बी.एड. करत होती. पहिलं वर्ष झालेलं, दुसरं नुकतंच सुरू झालेलं. गावासाठी मिळालेल्या अनुदानातून तिनं विहारात मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग काढला होता. तिच्या फाइलीत रोजच्या हजेरीची पानं होती, बायकांच्या सह्यांसकट.

मी पहिलं पान बघितलं आणि माझ्या टेबलाची सवय जागी झाली. सगळ्या सह्या निळ्या शाईच्या. प्रत्येक नावावर ओढलेली रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढून आलेली, आणि डाव्या टोकाला, नाव सुरू होतं तिथं, गळासारखा खाली वळलेला एक बारीक आकडा. दुसऱ्या पानावर तेच, दहाव्या पानावर तेच. पस्तीस बायका आणि पस्तिसांच्या रेघेला एकच आकडा. आमच्या कचेरीत एक मास्तर साऱ्या गावाच्या सह्या घरी बसून करायचा, त्याला मी अशाच एका वेलांटीवरून धरला होता. शिवाय या यादीत गावाच्या वरच्या आळीतली दोन आडनावं होती. त्या आळीतल्या बायका रोज संध्याकाळी विहाराची पायरी चढतात, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी तशा गावात वाढलेय.

मी पुण्याला फोन लावला. तिथला समन्वयक तरुण होता, बोलायला अगदी लोण्यासारखा. मी म्हटलं, "सह्या एका हातच्या आहेत. मी डोळे झाकून सांगते." तो घाबरला. म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही जाऊन येईपर्यंत तिची दुसऱ्या वर्षाची फेलोशिप थांबवतो."

मी म्हटलं, थांबवा.

चौथ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. "ताई, माझी फेलोशिप थांबवली म्हनायलेत. माझं काय चुकलं?"

"चुकलं असेल तर कळेलच."

"मग तुमी या की बघायला. कदी बी या."

'कधीही या' असं म्हणणाऱ्यांनी आधीच सगळं लावून ठेवलेलं असतं, असा माझा अनुभव. "मी सांगून येत नसते," म्हणाले आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी एका मंगळवारी दुपारच्या एसटीनं गेले. दिवस कापूस वेचायचे होते, गावात माणूस दिसेना. हापशावर एक बाई घागर भरत होती. मी विचारलं, "इथं बायकांचा वर्ग भरतो का, विहारात?"

तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघितलं. "कसला वर्ग?"

"लिहाय-वाचायचा."

"आमाला न्हाई माहीत बा," म्हणाली आणि अर्धीच घागर उचलून चालायला लागली.

घ्या! मी अहवालाची पहिली ओळ तिथंच मनात लिहून टाकली.

मुलीच्या घरी तिची आई होती. मुलगी कॉलेजातून पाचच्या गाडीनं येते म्हणाली. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. तिनं चहा ठेवला आणि चुलीकडं बघतच बोलायला लागली, "फेलोशिप थांबल्यापासून तिचे बाबा घरात बोलत न्हाईत. म्हनायलेत, एक वर्स झालं, बस झालं शिकनं. या रविवारी पावने बलवलेत, वसमतकडचे. पोरगी जेवंना गेली बाई."

अर्जासोबत रडगाणं जोडायची पद्धत मी तीस वर्षं पाहिली होती. मला वाटलं, ही मला विरघळवायला बघतेय. मी अर्धा चहा ठेवून उठले आणि विहारात जाऊन बसले. स्वच्छ फरशी, भिंतीवर तसबिरी, कोपऱ्यात फळा. फळ्यावर कालचे शब्द तसेच होते. मी ते जवळ जाऊन तपासले. खडू ताजा होता की जुना हे कळतं का, म्हणून बोटानं पुसूनही बघितला. काही कळलं नाही.

साडेपाचला मुलगी आली. पाठीला कॉलेजची बॅग, चेहरा उन्हानं रापलेला. मला बघून थबकली, मग नमस्कार केला. आणि मग बायका यायला लागल्या. शेतातून आलेल्या, हात-पाय धुतलेल्या, पण केसांत कापसाचे तंतू तसेच. एकीच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत वही. ती हापशावरचीच.

मी तिला धरलंच. "तुम्हाला तर माहीत नव्हतं!"

"तुमी कोन, कुठल्या, काईच सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "पिशवी बघून वाटलं, रेशन कार्डावरचे नावं कापाया आल्यात."

तिचा संशय मला पटला. मी तरी दुसरं काय केलं असतं?

शेवटी वरच्या आळीतल्या दोघी आल्या. मागच्या दारानं आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांना विचारलं, घरी काय सांगून येता? एकीनं पदर सारखा केला. "रानातून यायला उशीर होतो म्हनून सांगतो," ती म्हणाली, "आन् तुमी कुठं बोलू नगा." मी 'बरं' म्हटलं. पण एवढ्यानं मी ऐकणार नव्हते. माणसं जमवता येतात. आमच्या कचेरीतला तो मास्तरसुद्धा तपासणीच्या दिवशी गाव गोळा करायचा.

मी बायकांना हातभर अंतरावर बसवलं. माझ्या पिशवीतले कोरे कागद वाटले आणि घरून आणलेली काळ्या शाईची पेनं दिली. मुलीला म्हटलं, "तू बाहेर थांब." ती दाराबाहेर, चपलांपाशी जाऊन उभी राहिली, आत बघू नये म्हणून तोंड रस्त्याकडं करून. तिची पाठ सगळ्यांना दिसत होती.

"आपापलं नाव आणि गाव लिहा," मी म्हटलं. "शेजारणीचं बघायचं नाही."

सगळ्यात पुढं साठीपुढची एक बाई होती, सगळ्या तिला मावशी म्हणत. तिनं पेन उजव्या हातात धरलं, नखं पांढरी होईस्तोवर. एकेक अक्षर काढलं, बिनरेघेचं. मग पेन नावाच्या पार उजव्या टोकाला नेलं, तिथं टेकवलं, आणि रेघ उजवीकडून डावीकडं, उलटी ओढत आणली. पहिल्या अक्षरापाशी आल्यावर पेन खाली झटकलं. झाला आकडा.

मी आयुष्यात कुणाला असं लिहिताना पाहिलं नव्हतं. उजव्या हाताचा माणूस रेघ डावीकडून उजवीकडं नेतो. मी दुसरीकडं बघितलं. तीही उजव्या हातानं लिहीत होती, आणि रेघ उलटी. तिसरी, चौथी, हापशावरची, वरच्या आळीतल्या दोघी, सगळ्यांच्या रेघा उलट्या. काहींचं मनगट वाकडं होत होतं, एकीचं कोपर शेजारणीला लागत होतं, पण रेघ मात्र तिकडूनच यायची आणि टोकाला आकडा व्हायचाच.

"मावशी," मी विचारलं, "रेघ उलटी का ओढता?"

"उलटी?" मावशी माझ्याकडं बघतच राहिली. "उलटी कशी? रेघ अशीच असती की. ताईनं अशीच शिकिवली."

मी मुलीला आत बोलावलं. खडू पुढं केला. "फळ्यावर तुझं नाव लिही."

तिनं खडू घेतला. डाव्या हातात. डावखुऱ्या माणसाच्या हाताला जसं येतं तसं, सहज, तिनं नावावर रेघ उजवीकडून डावीकडं ओढली आणि शेवटी खडू खाली झटकला. तोच आकडा. तिच्या हाताची ती सवय होती, आणि तिच्या स्वतःच्याही ती कधी लक्षात आली नसावी. बायकांनी अक्षरांबरोबर तीही शिकून घेतली होती. त्यांना आधी कुणी काही शिकवलंच नव्हतं, मग सुलटी रेघ कशी असते हे कळायचं कुठून?

मी कागद गोळा केले. आता नीट बघितलं तर एकाही सहीचा दुसरीशी मेळ नव्हता. एकीचा 'र' थरथरलेला, एकीनं एवढा जोर दिलेला की कागद फाटलेला, वरच्या आळीतल्या एकीचं अक्षर मुंगीएवढं. फाइलीतल्या पानांवर मला त्या आकड्यापलीकडं काहीच दिसलं नव्हतं. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "बरोबर आहे सगळं," आणि अंगणात जाऊन पुण्याला फोन लावला.

समन्वयकानं सगळं ऐकलं. "छानच, मॅडम. तेवढं लेखी पाठवाल का?"

"मी तोंडानं सांगतेय ते पुरत नाही?"

"तसं नाही मॅडम, पण लेखी लागेल."

मी तिथंच उभी राहून मोबाइलवर लिहिलं, फेलोशिप ताबडतोब सुरू करावी. उद्या पैसे सोडतो, असा त्याचा निरोप आला.

आत आले तर मावशीनं हजेरीची वही माझ्यापुढं सरकवली. तपासणीला आलेल्यांनी सही करायची असते म्हणे. मी सही केली. माझी सही म्हणजे एक वळसा, एक फरकाटा आणि खाली दोन टिंबं. तीस वर्षं ती हजारो कागदांवर चालली.

मावशीनं वही डोळ्यांजवळ नेली. "हे काय हाय?"

"माझी सही."

"हेच्यात नाव कुठंय? एक अक्सर वाचता येत न्हाई. हे तुमचंच, कशावरून?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. "सगळीकडं हीच चालते," असं म्हणून मी पिशवी उचलली. परतीची एसटी यायची वेळ झाली होती.

मुलगी फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडीचे दिवे दिसल्यावर म्हणाली, "ताई, मग बाबाला सांगू ना? रविवारच्या पावन्याला नका येऊ म्हनून कळवा, असं?"

"सांग," मी म्हटलं. "ठीक आहे. जा वर्गावर, बायका थांबल्यात."

मी खिडकीशी बसले. गाडी हलली. मुलगी गावाकडं चालत निघाली होती, पाठीवर बॅग, मान खाली. तिची पाठ बघितली आणि मी काय बोलले ते मला ऐकू आलं. ठीक आहे. जा वर्गावर. जागेवरच्या ऐवजी वर्गावर, बाकी पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या सरांचेच शब्द, तोच आवाज. मला त्यांच्याकडून दुसरं एक वाक्य हवं होतं. त्याची मी दहावीपर्यंत रोज त्यांच्या तासाला वाट बघत बसत होते, आणि ते कधी आलं नाही. आणि आज चपलांपाशी उभी केलेल्या पोरीला मीही ते दिलं नव्हतं.

मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. तो वैतागला. "बाई, आत्ताच तर चढल्या."

"आत्ताच उतरायचंय."

फाट्याच्या जरा पुढं एका छोट्या पुलापाशी उतरले आणि तिथून गावापर्यंत मी चालत आले, या वयाला जमेल तितकं भरभर. वर्ग पुन्हा सुरू झाला होता. मुलगी फळ्यापाशी होती. मी दारात चपला काढल्या. सगळ्यांची लिहिणारी पेनं थांबली. तिला बाजूला घेऊन बोलणं सोपं गेलं असतं, पण मी तिला बाहेर उभं केलं ते सगळ्यांच्या देखत केलं होतं.

"पोरी," मी म्हटलं, "माझं चुकलं. मी न बघता तुला खोटं ठरवलं. तुझी फेलोशिप माझ्यामुळं थांबली होती, आणि आज इथं तुझा अपमान केला, तोही मीच."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात मावशीनं वही उचलली, माझ्या सहीचं पान काढलं आणि सहीच्या शेजारचा शेऱ्याचा रकाना बोटानं दाखवला.

"असं तोंडी नगं बाई," ती म्हणाली. "लिवून द्या. आन् खाली नाव वाचता यील असं काढा."

मी खाली फरशीवर बसले. 'माझी चूक झाली' असं लिहिलं, आणि खाली माझं नाव, आठवीत लिहायचे तसं, अक्षर अक्षर सुटं. मावशीनं वही ओढून घेतली आणि दिव्याखाली धरून बोट ठेवत वाचायला लागली. सगळ्या बायका ऐकत होत्या. चूक हा शब्द तिनं दोनदा वाचला. मग माझं नाव. मधल्या एका जोडाक्षरावर ती अडली. मुलगी सांगायला पुढं झाली, तर मावशीनं तिला हातानं थांबवलं आणि मला म्हणाली, "तुमी बी सांगू नगा." मग तिनं ते स्वतःच वाचलं.